खान्देशातलं विद्यापीठीय वनस्पती उद्यान : झाडं कुठून आणायची, कशी टिकवायची, नोंदी कशा ठेवायच्या

तापीकाठ (धागाकर्ता)

जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात 'बोटॅनिकल गार्डन' अशी पाटी बऱ्याच आवारांत दिसते. आत हिरवळ, खोट्या अशोकाची रांग, क्रोटनच्या कुंड्या, एखादं सायकस. सातपुडा डोळ्यांसमोर असताना त्यातला अंजन नाही, सालई नाही, कुलू नाही. वनस्पतीशास्त्राच्या मुलांना धावडा फक्त वाळलेल्या नमुन्यावर बघायला मिळतो.

समजा जागा पाच एकर आहे. निम्मी काळी माती, निम्मा मुरमाड उतार. एक बोअर, तीही मे महिन्यात दम टाकणारी. एक जुनं शेडनेट आणि दोन माळी. यातून खरा संग्रह कसा उभा करायचा? कोणती झाडं, बी कधी आणि कसं, मातीचं काय, पाण्याचं काय, नोंदी कशा? जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'भरपूर झाडं लावा' एवढ्याने भागणार नाही.

बीजकोठी

पहिला खड्डा खणण्याआधी नोंदवही आणा. झाड कुठून आलं हे माहीत नसेल तर ती बाग झाली, संग्रह नाही. वीस वर्षांनी कोणी विचारलं की हा अंजन यावलचा की नर्सरीतून आणलेला, तर उत्तर कागदावर हवं. माळ्याच्या आठवणीवर ते चालत नाही.

पद्धत सोपी आहे. आलेल्या प्रत्येक खेपेला एक कायमचा क्रमांक द्यायचा : वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम, उदाहरणार्थ २०२५-००४१. 'खेप' म्हणजे एक जात, एक ठिकाण, एक दिवस. त्यातून उगवलेल्या प्रत्येक झाडाला पुढे /०१, /०२ असा उपक्रमांक. झाड मेलं तरी तो क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. मेल्याची तारीख आणि कारण त्याच ओळीत लिहायचं. ही मरणाची नोंद सगळ्यात आधी बंद पडते, आणि नेमकी तीच पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगाची असते.

उगमासाठी जगभरच्या उद्यानांत चार अक्षरं चालतात. डब्ल्यू म्हणजे थेट रानातून आणलेलं. झेड म्हणजे रानातून आणलेल्या झाडाचं लागवडीतलं अपत्य. जी म्हणजे लागवडीतलंच, रानातला उगम नोंदलेला नाही. यू म्हणजे माहीत नाही. जुन्या झाडांना बिनदिक्कत यू लिहा. अंदाजाने डब्ल्यू लिहिलं की सगळ्या वहीवरचा विश्वास जातो.

रानातल्या खेपेसोबत एवढं हवंच : तारीख, गाव, वनखंडाचा कक्ष क्रमांक, जीपीएस दशांशात, उंची, उताराची दिशा, माती, शेजारची झाडं, किती मातृवृक्षांवरून बी घेतलं, आणि परवानगीच्या पत्राचा क्रमांक. संगणकावर साधी तक्ता-फाइल पुरते, पण हाताने लिहिलेली बांधीव वहीसुद्धा ठेवा.

यावल_रान

अनुमोदन. आता बियांकडे येतो.

आधी किती घ्यायचं ते. एका झाडाखालून गोणीभर उचलणं सोपं, पण मग सगळी रोपं भावंडं. किमान दहा-पंधरा मातृवृक्ष, एकमेकांपासून शंभरेक मीटर लांब, प्रत्येकाची पिशवी वेगळी. त्या दिवशी पिकलेलं जेवढं बी दिसतं त्याच्या पाचव्या हिस्स्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. बाकीचं रानाचं.

अंजन. खान्देशची ओळख सांगणारं झाड, संग्रहाची सुरुवात इथूनच व्हावी. चपटी शेंग, टोकाला एकच बी, बाकी सगळा पंख. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास वाळते आणि वाऱ्यावर निघते, म्हणून झाडाखाली ताडपत्री अंथरून ठेवायची. दरवर्षी सारखं बी धरत नाही. चांगलं साल सापडलं की त्याच साली पुरेशी रोपं करून घ्या. ताजं बी काहीही न करता आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं. अडचण पुढे असते. वर चार पानं दिसतात तेव्हा खाली मूळ फूटभर गेलेलं असतं. पाच बाय सातच्या पिशवीत ते तळाला आपटून गोल फिरतं. असं रोप लावलं की दोन-तीन वर्षं बरं दिसतं आणि एखाद्या मे महिन्यात उभंच्या उभं वाळतं. उपटून बघितलं तर मुळाचा वेटोळा पिशवीच्या मापाचा निघतो.

उपाय दोन. एक, जागेवरच पेरणी : पहिला चांगला पाऊस झाल्यावर एका आळ्यात तीन-चार बिया, पुढे जोमदार एक ठेवायचं. दोन, चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड फुटी तुकडे. ते उभे चिरून तारेने बांधायचे आणि जमिनीपासून वीतभर उंच जाळीवर ठेवायचे. मूळ तळातून हवेत आलं की टोक आपोआप सुकतं आणि बाजूला मुळ्या फुटतात. लावताना तार सोडली की मातीचा गोळा न फुटता निघतो.

सालई. बी गोळा कराल आणि निराश व्हाल, कारण बरंचसं पोकळ असतं. त्यापेक्षा पानं गळालेली असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मनगटाएवढ्या जाडीच्या मीटरभर फांद्या घ्या. खालचा काप तिरपा. सावलीत चार-पाच दिवस ठेवून चीक सुकू द्या, मग मुरमात फूटभर खोल रोवा. पाणी अगदी बेताने, नाहीतर बुड कुजतं. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. सालईला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही. सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या आणल्या तर वीस झाडं उभी राहतील, पण ती अनुवंशाने एकच आणि बी पोकळच. सात-आठ वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या आणा आणि कोणती फांदी कोणत्या झाडाची हे क्रमांकाने लिहा.

कुलू (कढई). पांढऱ्या सालीचं, उन्हाळ्यात नागडं उभं असलेलं. फळावर खाजरी लव असते, हातमोजे आणि चष्मा घाला. फळं गोणपाटात घालून बडवायची, बी चाळून घ्यायचं. ताजं बी चांगलं उगवतं. रोप मरतं ते जास्त पाण्याने. काळ्या मातीत कुलू लावूच नका.

मोह. हे बी साठवता येत नाही. जून-जुलैत फळं पडतात. गर काढून धुतलेलं बी आठ-दहा दिवसांत पेरलंच पाहिजे. सुकवून डब्यात ठेवलं की संपलं. लिंबोळीलाही फार वेळ देऊ नका, दोन-तीन आठवड्यांत पेरा.

बहावा, बाभूळ, हिवर. टणक टरफल. बहाव्याच्या बीला, अंकुर असतो त्याच्या उलट बाजूला, नेलकटरने किंवा पॉलिश पेपरने नखभर खरवडा आणि रात्रभर भिजवा. फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्या पुन्हा खरवडा. बाभळीसाठी पाणी उकळून भांडं खाली उतरवायचं, बियांच्या पाचपट पाण्यात त्या टाकायच्या आणि थंड होईपर्यंत तशाच ठेवायच्या. विस्तवावर बी उकळलं की गर्भ शिजतो. बकऱ्यांच्या गोठ्यात पडलेलं बाभळीचं बी तर काही न करता उगवतं, फक्त मग मातृवृक्षाची नोंद देता येत नाही.

टेंभुर्णी आणि बिब्बा यांची एक-दोन झाडं लावून थांबू नका. नर-मादी फुलं बहुतेक वेगळ्या झाडांवर असतात. एकच झाड म्हणजे फळाची खात्री नाही.

मुरूमरान

बियांची एवढी कटकट कशाला? पावसाळ्यात जंगलात हजारो रोपं उगवलेली असतात आणि उन्हाळ्यात मरूनच जातात. ती उचलून आणली तर वर्षं वाचतात.

यावल_रान

@मुरूमरान, दोन कारणांनी नको. अंजन, धावडा, टेंभुर्णी या सगळ्यांचं मूळ दिसणाऱ्या रोपाच्या कितीतरी पट खोल असतं. कुदळीने ते तुटतं आणि रोप जगत नाही. दुसरं, विनापरवाना रानातून काहीही उचलणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात, म्हणजे यावल, अनेर धरण किंवा गौताळा-औट्रमघाटात, वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. बाहेरच्या वनात प्रादेशिक वनविभागाची. शिवाय जैवविविधता कायदा २००२ आहे, राज्य मंडळ नागपूरला आहे, गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. नंदुरबारकडे ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. विभागाच्या पत्रावर कोणत्या जाती, किती बी, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी हे लिहून हिवाळ्यातच अर्ज द्या. एप्रिलमध्ये अर्ज केला तर परवानगी येईपर्यंत अंजनाचं बी उडून गेलेलं असतं.

मुरूमरान

पटलं. बराबर शे. मग मातीचं मी लिहितो.

काळी माती आणि मुरूम यांना एकच खड्डा चालत नाही. मुरमात तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा, एप्रिलमध्येच खणून उन्हात तापू द्यायचा. भरताना निघालेला मुरूम दोन भाग, गाळ किंवा पोयटा एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, वर किलोभर निंबोळी पेंड. सगळा मुरूम फेकून नुसती गाळमाती भरू नका. मुळं त्या मऊ मातीतच फिरत राहतात आणि कडेच्या मुरमात घुसत नाहीत.

काळ्या मातीत खड्डा खोल करणं म्हणजे पावसाळ्यात झाडाला हौदात उभं करणं. तिथे उलट उंचवटा करा : दीड-दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद वरंबा, मुरूम मिसळून. मार्चपासून भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून फेब्रुवारीतच चार बोटं पालापाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकला की उधई लागते. न कुजलेलं शेणखत हेही उधईला आमंत्रण.

चुनखडीचा थर लागला तर पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे मिळत नाही. तात्पुरतं म्हणून लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी फवारणी. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे चुन्यापासून लोह वाचवून धरणारं खत, घ्या. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत टिकत नाही, पैसे वाया जातात. पण मुळात तिथे जागा बदलणं किंवा हिंगणबेटासारखं सोसणारं झाड लावणं बरं.

नेचेघर

सातपुडा ठीक आहे, पण उद्यान शिकवण्यासाठी आहे. अभ्यासक्रमात नेचे, लिव्हरवर्ट, सिलॅजिनेला, ऑर्किड सगळं येतं. इथे कोणी सह्याद्रीचं नावच काढलं नाही. तो विभागच नको, असं कसं चालेल? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं उद्यान बघा, काय संग्रह आहे!

बीजकोठी

कोल्हापूरचं काम मोठंच आहे, विशेषतः सेरोपेजिया म्हणजे खर्चुड्या, या कंदातून फुटणाऱ्या वेलींचं. पण ते ज्या हवेत उभं आहे ती हवा इथे नाही. आणि त्यांनी केलं काय, तर आपल्या भोवतालच्या दुर्मीळ वनस्पतींचा संग्रह. तेच इथे करायचं. मेअखेरच्या नवतप्यात जळगावात पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. तोरणमाळ हजार मीटरवर आहे आणि जळगाव दोनशेच्या आसपास. तोरणमाळची ऑर्किडसुद्धा इथे कष्टाने जगतात, तिथे आंबोलीची काय कथा?

तरीही शिकवायला लागतं हे मान्य, म्हणून छोटं करा आणि नीट करा. दहा बाय वीस फुटांची जागा जमिनीत तीन फूट खोल घ्या, बाजूने विटांची दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत वाळू भरून ती ओली ठेवायची. वर ७५ टक्के शेडनेट, पश्चिमेची बाजू पूर्ण बंद, आणि तळाला पाणी निघून जाण्याची वाट, नाहीतर पावसात तळं होईल. धुक्याच्या नोझलला बोअरचं पाणी जोडू नका. क्षारांनी नोझल बुजतात आणि नेच्याच्या पानांवर पांढरी पुटं चढतात. छताचं पाणी साठवा. शंभर चौरस मीटर छत आणि ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने ७०,००० लिटर. गळती-उडती वजा केली तरी ५५,००० लिटरच्या आसपास हाती येतं. एका छोट्या नेचेघराला ते वर्षभर पुरतं.

आणि स्थानिक नेचे विसरू नका. मयूरशिखा जुन्या भिंतींच्या आणि खडकांच्या भेगांत वाढते. उन्हाळ्यात वाळून गुंडाळते, पावसाच्या पहिल्या सरींनी पुन्हा उघडते. उत्तरेकडे तोंड केलेली दगडी भिंत रचा, भेगांत चुन्याचा जुना भुगा आणि बारीक माती भरा. त्याला ना नेट लागतं, ना पंप. ऑर्किडमध्ये वांडा टेसेलाटा, आपली रास्ना, आंब्या-मोहाच्या फांदीवर कोरड्या रानातही टिकते. वादळात पडलेल्या फांदीवरची परवानगीने आणा आणि काथ्याने झाडाला बांधा. कुंडीत घालू नका.

नेचेघर

भिंतीची कल्पना आवडली. त्याच भिंतीच्या वरच्या अंगाला माकडशिंगी आणि खर्चुडी घेता येतील का?

बीजकोठी

हो, पण वरचं अंग उन्हाचं हवं आणि खाली निव्वळ मुरूम. खर्चुडीचा कंद जूनमध्ये फुटतो, पावसाळाभर वेल आणि फुलं, नंतर वेल वाळतो. तो वाळला की पाणी पूर्ण बंद. हिवाळ्यात माळ्याने दयेपोटी पाणी घातलं की कंद सडतो. तिथे 'ऑक्टोबर ते मे पाणी नको' अशी पाटीच लावा. सफेद मुसळीचंही असंच, पानं पिवळी पडून गेली की ती मेली समजून वाफा खणू नका. मुळ्या वेगळ्या करताना प्रत्येकीला खोडाच्या चकतीचा तुकडा राहिला पाहिजे. चकतीशिवाय मुळी कितीही जाड असली तरी फुटत नाही.

खर्चुडीचं जीपीएस मात्र जाहीर पाटीवर किंवा संकेतस्थळावर टाकू नका. ते फक्त वहीत.

ठिबकदादा

पाण्याचा हिशेब देतो. मोठं होईपर्यंत दर झाडाला ताशी ८ लिटरचे दोन ड्रीपर, खोडापासून फूट-दीड फूट लांब, समोरासमोर. दोन तास चालवले की ३२ लिटर. दोनशे झाडांना एका पाळीत ६,४०० लिटर. मुरमात एप्रिल-मेमध्ये पाच-सहा दिवसांनी, काळ्या मातीत दहा-बारा दिवसांनी. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच बसतात आणि एक पाळी चुकली की झाड माना टाकतं. सातपुड्यातल्या जातींचं पाणी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर तोडायचंच. पानं गाळणं ही त्यांची रीत आहे. एप्रिलमध्ये निष्पर्ण सालई बघून घाबरून पाणी वाढवू नये.

ड्रीपर चुन्याने बुजतात. वर्षातून दोनदा आम्लप्रक्रिया : हायड्रोक्लोरिक आम्ल टाकीतून सोडून शेवटच्या ड्रीपरमधल्या पाण्याचा सामू (पीएच) कागदपट्टीवर ४ येईपर्यंत चालवा. मग पंप बंद करून पाणी रात्रभर नळ्यांत ठेवा आणि सकाळी नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढा. नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

पाटीवाला

पाट्यांबद्दल कोणी बोललं नाही. खिळा ठोकून लावलेली पत्र्याची पाटी दहा वर्षांत खोड गिळून टाकतं. अॅल्युमिनियमची पट्टी, त्यावर ठसा उमटवलेला क्रमांक, आणि स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग, जी खोडाबरोबर ताणते. रंगाने लिहिलेलं आपल्या उन्हात दोन वर्षंही टिकत नाही. नावाची मोठी पाटी जमिनीत रोवलेल्या खांबावर वेगळी.

क्रमांक आणि नाव वेगळं ठेवण्याचं कारण आहे. शास्त्रीय नावं बदलतात. बाभूळ अकॅशियातून व्हॅचेलियात गेली, खैर सेनेगॅलियात. धावडा अॅनोजिसस लॅटिफोलिया होता, २०१७ पासून टर्मिनॅलिया अॅनोजिसियाना. पाटी बदलता येते. झाडाचा क्रमांक तोच राहतो आणि वहीत जुनं नावही राहतं.

नमुनाघर

त्याच क्रमांकाचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये हवा, फुलासह एक आणि फळासह एक. ओळख चुकली असेल तर ती तिथेच पकडली जाते. अंजनाची जुळी पानं बघून कोणी आपटा म्हणतो, तेव्हा शेंग समोर ठेवली की वाद संपतो. पावसाळ्यात दाबपेटीतले कागद पहिले चार दिवस रोज बदला, नाहीतर पानं काळी पडून बुरशी धरते. मर्क्युरिक क्लोराइडचं विष आता वापरू नका, हाताळणाऱ्यांच्या अंगावर येतं. नमुने प्लास्टिकमध्ये बंद करून उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दव बसून कागद ओले होतात. शंका असलेले नमुने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात ताडून घेता येतात.

मुरूमरान

चंदन लावायचं का? चोरी होते म्हणून बरेच जण टाळतात.

यावल_रान

लावा, पण कुंपणाच्या आत, माणसांच्या नजरेतल्या जागी. बी जिबरेलिक अॅसिडच्या ५०० पीपीएम द्रावणात, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, रात्रभर भिजवा. पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात घाला. चंदन अर्धपरजीवी आहे, शेजाऱ्याच्या मुळांवर जगतं. रोपाच्याच पिशवीत तुरीचा एक दाणा टाका आणि तूर वर गेली की छाटत राहा. जमिनीत लावताना पाच-सहा फुटांवर करंज किंवा बाभूळ हवी. एकटं लावलेलं चंदन पिवळं पडून खुरटतं आणि लोक खताच्या गोण्या ओतत बसतात.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम असा : हिवाळ्यात परवानगी आणि वही, फेब्रुवारी-मार्चमध्ये सालईच्या फांद्या, एप्रिलमध्ये मुरमातले खड्डे, आखाजीला अंजन आणि कुलू, पावसाच्या तोंडावर मोह. धावड्याचं कोणी लिहिलं नाही. त्याचं बी कधी घ्यायचं?

यावल_रान

धावड्याचं बी घ्यायला सोपं, उगवायला अवघड. फळांचे गोंडे हिवाळ्याच्या शेवटी पिकतात, पण बहुतांश बी पोकळ निघतं. आधी शंभर बिया ब्लेडने कापून बघा. पांढरा गर किती जणींत आहे ते मोजा आणि त्या प्रमाणात पेरा. शंभरात पाच भरल्या निघाल्या तर शंभर रोपांसाठी दोन हजार बियाही कमीच पडतील. वाफ्यात दाट फेका, वर वाळूचा अगदी पातळ थर आणि झारीने पाणी. खोल गाडलं तर एकही वर येत नाही. रोपं दोन पानांवर आली की चिमट्याने उचलून पाइपच्या नळ्यांत हलवा, त्यापुढे उशीर केला तर मूळ तुटतं.